काचेच्या टांकींतील माशांचें पाणी : आधीं निचरा, मग पंपानें भरणा

शेतकऱ्यांच्या मासिकांत शोभेच्या माशांच्या टांकीविषयीं लेख पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु ही काचेची टांकी आतां केवळ शहरांतील दिवाणखान्याची वस्तु राहिलेली नाहीं. तालुक्याच्या ठिकाणींच नव्हे, तर शेतावरील घरांतही मुलांच्या हौसेखातर ती आणली जाते. पहिले पंधरा दिवस घरांतील सर्व मंडळी तिच्यासमोर बसतात. पुढें दोन-चार महिन्यांत एकामागून एक मासे मरतात आणि रिकामी टांकी माळ्यावर जाते. मासे नाजूक होते म्हणून मेले, असें बहुधा सांगण्यांत येतें. वस्तुतः पुष्कळ वेळां दोष माशांचा नसून पाण्याचा असतो, आणि पाण्याचा दोष तें बदलण्याच्या रीतींत असतो.

पाणी बदलण्याचें काम कंटाळवाणें आहे. तीस-चाळीस लिटर पाणी बादल्यांनीं उचलून छातीइतक्या उंचीवर ओतावयाचें, त्यांत थोडें सांडावयाचें, तळची वाळू उसळावयाची. म्हणून हें काम आज-उद्यां करीत लांबणीवर पडतें. यावर लहान पंप हा चांगला उपाय आहे. उन्हाळ्यांत वापरावयाच्या कूलरमध्यें सुमारें १८ वॅटचा जो बुडता पंप असतो, त्या जातीचा एक पंप व दोन-तीन मीटर नळी एवढ्या साहित्यावर हें काम पांच-दहा मिनिटांत होतें. परंतु भरणें सोपें झालें म्हणजे माणूस नुसतें भरीतच राहतो व जुनें पाणी काढण्याचें विसरतो. यास्तव पंप कसा लावावा हें सांगण्यापूर्वीं, भरण्याच्या आधीं निचरा कां केला पाहिजे, हें आम्ही सांगतों. कालव्याच्या पाण्याखालीं चांगली काळी जमीन चोपण झालेली ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस हें समजण्यास अडचण पडणार नाहीं.

उणें भरणें व पाणी बदलणें

हिशेबासाठीं एक टांकी घेऊं. तिची लांबी ७५ सेंटीमीटर, रुंदी ४० सेंटीमीटर व उंची ४५ सेंटीमीटर असून तींत ४० सेंटीमीटर खोल पाणी राहतें. एकंदर पाणी १२० लिटर झालें. वाळू व दगड यांनीं व्यापलेली जागा येथें सोडून देऊं. या टांकींत पाण्याचा एक सेंटीमीटरचा थर म्हणजे बरोबर ३ लिटर होत.

आठवड्यास एक सेंटीमीटर पाणी उडून जातें असें धरूं. घरांतील माणसें तेवढें ३ लिटर पाणी वरून घालतात आणि पातळी पुन्हां पूर्ववत् दिसते. यालाच पुष्कळ लोक पाणी बदलणें समजतात. पण हें नुसतें उणें भरणें झालें. विहिरीच्या एक लिटर पाण्यांत ५०० मिलिग्रॅम क्षार विरघळलेले आहेत असें माना. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकांतील स्वीकार्य मर्यादा एवढीच आहे, म्हणजे हें पाणी कांहीं वाईट नव्हे. टांकी प्रथम भरली तेव्हां तींत ६० ग्रॅम क्षार आले. उडून गेलेलें पाणी क्षार बरोबर नेत नाहीं. परंतु त्याच्या जागीं घातलेलें ३ लिटर पाणी दर आठवड्यास दीड ग्रॅम क्षार आणतें. ५२ आठवड्यांत ही भर ७८ ग्रॅम होते. वर्षाअखेर टांकींत १३८ ग्रॅम क्षार सांठतात, म्हणजे लिटरमागें ५०० मिलिग्रॅमचे ११५० मिलिग्रॅम होतात. पाणी दिसावयास पूर्वीइतकेंच स्वच्छ, पातळीही तीच. पण त्यांतील माशाचें जग दुपटीहून अधिक खारें झालेलें असतें. अशा टांकींत बाजारांतून आणलेला नवा मासा सोडला तर तो एक-दोन दिवसांत मरतो, आणि जुने मासे मात्र हळूहळू संवय झाल्यामुळें कसेबसे जगतात. नवा मासाच रोगट होता, असा समज यांतूनच होतो.

आतां दुसरी रीत पाहूं. दर आठवड्यास १० सेंटीमीटर, म्हणजे ३० लिटर पाणी प्रथम काढून टाकावें, आणि उडालेले ३ लिटर मिळवून ३३ लिटर नवें पाणी घालावें. या रीतीनें आंत येणारे क्षार व बाहेर जाणारे क्षार यांचा मेळ बसतो, आणि टांकींतील प्रमाण वाढत वाढत लिटरमागें सुमारें ५५० मिलिग्रॅमवर येऊन थांबतें. त्यापुढें तें वर्षानुवर्षें वाढत नाहीं. एवढा फरक केवळ निचऱ्यामुळें पडतो. नीरा व प्रवरा कालव्यांच्या पट्ट्यांत ज्या जमिनींस पाणी मिळालें पण निचरा मिळाला नाहीं, त्यांतील कितीएक पांढऱ्या पडल्या. टांकीचा न्यायही तोच आहे.

माशांच्या उत्सर्गाचा प्रश्न

क्षारांहून लवकर बाधणारी दुसरी वस्तु म्हणजे अमोनिया. मासे तो मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यांत सोडतात, आणि उरलेलें अन्न कुजूनही तो उत्पन्न होतो. तो अल्प प्रमाणांतही विषारी आहे. सुदैवानें वाळूवर व गाळणीच्या स्पंजावर वाढणारे सूक्ष्मजंतु त्याचें प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारी असतें. नायट्रेट त्यामानानें पुष्कळ सौम्य आहे. शेतांतील जमिनींत हेंच काम चालतें. तें करणारे सूक्ष्मजंतु वेगळे करून दाखविण्याचें श्रेय सर्जी विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाकडे जातें. त्यानें हें काम १८९० च्या सुमारास झूरिक येथें केलें.

येथवर येऊन जंतूंचें काम बहुतांशीं संपतें. नायट्रेट टांकींतून आपोआप जात नाहीं. पाणवनस्पति त्याचा कांहीं भाग घेतात. १८५० सालीं लंडन येथील रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें सोनेरी मासे, पाणवनस्पति व गोगलगाई एका भांड्यांत ठेवून त्यांचा परस्परांस होणारा उपयोग दाखविला, आणि घरगुती टांकीची कल्पना त्यानंतर युरोपांत पसरली. परंतु असा तोल साधण्यास मासे फार थोडे व वनस्पति पुष्कळ असाव्या लागतात. आपल्याकडील टांक्यांत प्रकार नेमका उलट असतो. तेव्हां उरलेलें नायट्रेट काढण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे पाण्याचा कांहीं हिस्सा नियमानें काढून टाकणें हाच होय.

मात्र येथें एक धोका ध्यानांत ठेवावा. कित्येक महिने दुर्लक्षित राहिलेल्या टांकीचें पाणी हळूहळू आम्लधर्मी होत जातें. आम्ल पाण्यांत अमोनिया बहुतेक निरुपद्रवी स्वरूपांत राहतो. अशा टांकींतील अर्धेअधिक पाणी एकाच दिवशीं काढून त्या जागीं विहिरीचें अल्कधर्मी पाणी भरलें, तर तोच अमोनिया विषारी स्वरूपांत येतो आणि पाणी स्वच्छ केल्याच्या दिवशींच मासे दगावतात. आपल्याकडील काळ्या पाषाणांतील विहिरींचें पाणी बहुधा किंचित् अल्कधर्मी असतें, म्हणून हा धोका आपल्यास विशेष आहे. दुर्लक्षित टांकीचें पाणी एक दिवसाआड दहावा हिस्सा, म्हणजे वरील टांकींत ४ सेंटीमीटर, असें आठ-दहा वेळां बदलावें, आणि मग आठवड्याच्या क्रमावर यावें.

नवें पाणी तयार करणें

पंपाचें पहिलें काम पाणी चढविणें हें नसून पाणी तयार करणें हें आहे. नळाचें असो वा विहिरीचें, ताजें पाणी थेट टांकींत सोडूं नये. तें आदल्या दिवशीं पिंपांत भरून ठेवावें.

नळाच्या पाण्यांत जंतुनाशक क्लोरिन असतो. तो माशांच्या कल्ल्यांस जाळतो, आणि वर सांगितलेल्या उपयोगी जंतूंसही मारतो. उघड्या पिंपांत चोवीस तास पाणी ठेविल्यास व तें अधूनमधून ढवळल्यास तो बहुतेक उडून जातो. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट वापरावें. छायाचित्रकार ज्यास ‘हायपो’ म्हणत, तीच ही वस्तु. तिचे १० ग्रॅम खडे एक लिटर पाण्यांत विरघळवून ठेवावे आणि नळाच्या १० लिटर पाण्यास या द्रावणाचे ५ मिलिलिटर घालावे. एवढ्यानें लिटरमागें सुमारें ०.७ मिलिग्रॅम क्लोरिनचा नाश होतो, आणि घरगुती नळाच्या पाण्यास तें सहसा पुरेसें असतें.

विहिरीच्या व विशेषतः कूपनलिकेच्या पाण्यांत क्लोरिन नसला तरी दुसरी उणीव असते. खोल जमिनींतून आलेल्या पाण्यांत प्राणवायु फार कमी व कार्बन डायऑक्साइड वायु जास्त असूं शकतो. मासे अशा पाण्यांत वर येऊन तोंड उघडूं लागतात. यासाठीं पंप पिंपांत बुडवून त्याची नळी पिंपाच्याच कांठावर बांधावी व पाण्याची धार वीतभर उंचीवरून पुन्हां पिंपांत पडूं द्यावी. तीन-चार तासांत पाण्याची हवेशीं चांगली गांठ पडते. १८ वॅटचा पंप चार तास चालविल्यास ७२ वॅट-तास, म्हणजे एका युनिटाच्या चौदाव्या हिश्श्याइतकीच वीज लागते.

पाण्याची उष्णताही पाहावी. गच्चीवरील काळ्या टांकींतलें पाणी वैशाखांत दुपारीं हात पोळण्याइतकें तापतें. हिंवाळ्यांत पहांटेचें तेंच पाणी गार पडतें. पिंप ज्या खोलींत टांकी आहे त्याच खोलींत रात्रभर ठेवावें. भरण्याआधीं दोन्ही पाण्यांत उष्णतामापक धरून पाहावा. दोन अंशांहून अधिक अंतर असल्यास थांबावें.

घरांत पाणी शुद्ध करण्याचें आर. ओ. यंत्र असल्यास त्यांतून वाया जाणारें पाणी टांकींत घालूं नये, कारण मूळ पाण्यांतील क्षार त्यांत एकवटलेले असतात. त्या यंत्राचें शुद्ध पाणी, किंवा पहिल्या चार-दोन सरी वाहून गेल्यावर स्वच्छ छपरावरून धरलेलें पावसाचें पाणी, उडालेलें पाणी भरून काढण्यास उत्तम. तथापि बदलण्याचें सर्वच पाणी तसलें नसावें, कारण माशांस थोडे क्षार अवश्य लागतात.

शेतकऱ्याच्या घरांत आणखी एक गोष्ट कटाक्षानें सांभाळावी लागते. फवारणीस वापरलेलें पिंप, बादली, नळी अथवा पंप कितीही वेळां धुतलेला असला तरी या कामास घेऊं नये. पायरेथ्रॉइड जातीचीं कीटकनाशकें लिटरमागें मिलिग्रॅमाच्या हजाराव्या भागांच्या हिशेबांतही माशांस मारक होतात. बोर्डो मिश्रणांतील मोरचूदही माशांस व गोगलगाईंस घातक आहे. आम्ही तर असें सुचवितों कीं, माशांचें पिंप निराळ्या रंगाचें घ्यावें आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘मासे’ असें लिहून ठेवावें.

पंपाची निवड

पंपाच्या खोक्यावर दोन आंकडे असतात. एक तासाला किती लिटर पाणी देतो हा, आणि दुसरा जास्तींत जास्त उंचीचा. दुसऱ्या आंकड्याचा अर्थ पुष्कळांस उलगडत नाहीं. १.८५ मीटर असें लिहिलें असल्यास तो पंप तेवढ्या उंचीवर पाणी देतो असें नव्हे. त्या उंचीस त्याचें पाणी थांबतें, असा त्याचा अर्थ आहे. तसेंच तासाचा जो मोठा आंकडा दिलेला असतो तो उंची शून्य असतांनाचा होय. या दोहोंच्या मध्यें जसजशी उंची वाढेल तसतशी धार कमी होत जाते.

उंची मोजावयाची ती पंपापासून नव्हे, तर पिंपांतील पाण्याच्या पातळीपासून. आपली टांकी ७५ सेंटीमीटर उंचीच्या घडवंचीवर आहे असें धरूं. टांकीचा कांठ जमिनीपासून १२० सेंटीमीटरवर आला, आणि नळी त्यावरून वळण्यास १२५ सेंटीमीटर चढावी लागते. पिंपाचा व्यास सुमारें ३८ सेंटीमीटर असल्यास ४० लिटर पाणी त्यांत साधारण ३५ सेंटीमीटर उभें राहतें. आरंभीं चढ ९० सेंटीमीटर झाला. ३३ लिटर पाणी गेल्यावर पिंपांत ६ सेंटीमीटर उरतें व चढ ११९ सेंटीमीटर होतो. म्हणजे काम जसें पुढें जाईल तशी धार बारीक होईल. पंप बिघडला असें समजूं नये. पिंप जमिनीवर न ठेवतां ३० सेंटीमीटर उंचीच्या भक्कम स्टुलावर ठेविल्यास हाच चढ ६० ते ८९ सेंटीमीटर होतो. मोठा पंप विकत घेण्याआधीं हा उपाय करून पाहावा. नळींतील घर्षणानेंही धार कमी होते; म्हणून नळी शक्य तितकी आंखूड, पंपाच्या तोंडाशीं नीट बसणारी व कोठेंही न मुडपलेली असावी.

प्रत्यक्ष धार किती मिळते हें खोक्यावरून न ठरवितां घड्याळ व मापाची बादली घेऊन ठरवावें. त्या उंचीवर दहा लिटरची बादली दोन मिनिटांत भरली तर ३३ लिटर भरण्यास सहा-सात मिनिटें लागतील. याहून वेग नको. घरांत पाणी चढविण्यासाठीं जो अर्ध्या अश्वशक्तीचा पंप असतो त्यानें हें काम करूं नये. त्याच्या लोटानें वाळू उखडते, रोपें निघतात आणि मासे घाबरून कांचेवर आदळतात. ज्या पंपांत वंगणासाठीं तेल भरलेलें असतें तेही टाळावे. पाण्यानेंच थंड राहणारा व चुंबकावर फिरणाऱ्या पंख्याचा लहान पंप या कामास योग्य होय.

पाणी उलट कां वाहतें?

पंप बंद झाल्यावर टांकींतील पाणी आपोआप पिंपांत परत येऊन फरशी भिजली, असा प्रकार पुष्कळ घरीं घडतो. यांत पंपाचा कांहीं दोष नसतो. नळीचें एक टोंक टांकीच्या पाण्यांत बुडलेलें, दुसरें खालच्या पिंपांत, आणि मधली नळी पाण्यानें भरलेली. अशा स्थितींत पंप थांबतांच ती नळी वक्रनळीचें, म्हणजे सायफनचें काम करूं लागते. लहान पंपाच्या आंत पाणी अडविणारें कांहीं नसल्यामुळें पाणी त्यांतून उलटें वाहतें, आणि बुडलेलें टोंक उघडें पडेपर्यंत थांबत नाहीं. टोंक तळापर्यंत सोडलें असेल तर जवळजवळ सर्व टांकी रिकामी होते. आपल्याकडे वीज केव्हां जाईल याचा नेम नसल्यामुळें पंप भरतां भरतां मध्येंच थांबणें ही नेहमींची गोष्ट आहे, आणि त्या वेळीं माणूस तेथें असेलच असें नाहीं.

उपाय सोपा आहे. नळीचें वरचें टोंक पाण्याच्या भरलेल्या पातळीच्या दोन बोटें वर राहील असें कांठास बांधावें. टोंकाशीं हवा असली म्हणजे उलट प्रवाह सुरूच होत नाहीं. धार सरळ पाण्यावर न पाडतां कांचेवर किंवा पाण्यावर तरंगणाऱ्या एखाद्या थाळीवर पाडावी, म्हणजे वाळू उसळत नाहीं. एकेरी झडप बसविण्याची चाल आहे; परंतु तींत कण अडकून ती अर्धवट उघडी राहते, तेव्हां केवळ तिच्यावर भिस्त ठेवूं नये.

याच्या उलट प्रकारही होतो. पिंप किंवा पाण्याचा सांठा टांकीहून उंचावर असेल आणि नळी त्यांत बुडलेली असेल, तर पंप बंद केल्यावरही पाणी टांकींत येतच राहतें व ओसंडून घरभर पसरतें. म्हणून सांठा टांकीहून खालींच असावा. शिवाय पिंपांत जरुरीपुरतेंच पाणी असावें, हा सर्वांत भरवंशाचा बंदोबस्त होय. पिंपांत एकंदर ४० लिटर आहे आणि टांकींत ३३ लिटरांची जागा केलेली आहे. आपण विसरलों तरी फार तर ७ लिटर अधिक जाईल, आणि तेवढ्यास टांकीच्या कांठापर्यंतची ५ सेंटीमीटर मोकळी जागा पुरून उरते.

प्रत्यक्ष कृति

प्रथम पंप, दिवा, तापक इत्यादि सर्व विजेचीं उपकरणें बंद करून त्यांचे प्लग काढावे. तापक उघडा पडून चालू राहिल्यास त्याची काच तडकते. नंतर साध्या नळीची वक्रनळी करून जुनें पाणी खालच्या बादलींत काढावें; यास पंपाची जरूर नाहीं, कारण पाणी उतारानेंच जातें. नळीच्या आंतल्या तोंडास जाळी बांधावी, नाहीं तर लहान मासे ओढले जातात. तोंड वाळूवरून हळूहळू फिरविल्यास तळचा गाळही निघून येतो. कांचेवर आधींच खूण करून ठेवावी व पाणी त्या खुणेपर्यंत उतरलें कीं थांबावें. स्पंज घाण झाला असल्यास तो नळाखालीं न धुतां काढलेल्या जुन्या पाण्यांतच पिळावा, म्हणजे उपयोगी जंतु मरत नाहींत.

त्यानंतर नळीचें टोंक कांठास पक्कें बांधून, उष्णता ताडून पाहून, मग पंप चालू करावा. पिंपांत पांच-सहा सेंटीमीटर पाणी उरलें कीं तो बंद करावा. कोरडा चालल्यास लहान पंप थोड्याच वेळांत जळतो. तळचें उरलेलें पाणी व गाळ बाहेर ओतून पिंप उपडें ठेवावें. टांकी पुन्हां पूर्ण भरल्यानंतरच इतर उपकरणें चालू करावीं.

विजेसंबंधीं दक्षता

२३० व्होल्टचा प्रवाह, पाणी आणि ओले हात हीं तिन्ही येथें एकत्र येतात. या बाबतींत काटकसर करणें घातक आहे. ज्या प्लगवर पंप लावावयाचा त्याच्या मागें ३० मिलिअँपिअर गळतीस तुटणारा आर. सी. सी. बी. स्विच असावा, आणि घराचें अर्थिंग खरोखर जमिनींत उतरलेलें आहे कीं नाहीं हें वायरमनकडून तपासून घ्यावें. वायर टांकीपासून प्लगकडे नेतांना मध्यें खालीं झोळ ठेवावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारें पाणी झोळाशीं गळून पडतें व प्लगांत शिरत नाहीं. जोड दिलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली वायर पाण्यांत सोडूं नये. पंप वायरीस धरून उचलूं नये. प्लग काढल्याखेरीज पिंपांत किंवा टांकींत हात घालूं नये, आणि मुलांस तर मुळींच घालूं देऊं नये. १२ व्होल्टवर चालणारे लहान पंप मिळतात. त्यांचा अडॅप्टर कोरड्या जागीं ठेविल्यास ते अधिक सुरक्षित असतात, आणि वीज गेली असतां बॅटरीवरही चालतात. एवढें मात्र पाहावें कीं आपल्या चढास त्यांची शक्ति पुरते.

काढलेल्या पाण्याचा उपयोग

टांकींतून काढलेलें पाणी झाडांस फार उत्तम खत आहे, अशी समजूत आहे. तिचा हिशेब करून पाहूं. लिटरमागें ४० मिलिग्रॅम नायट्रेट असलेल्या ३० लिटर पाण्यांत एकंदर १.२ ग्रॅम नायट्रेट असतें, आणि त्यांतील नत्र सुमारें ०.२७ ग्रॅम भरतें. युरियाच्या हिशेबानें हें सहा दशांश ग्रॅम, म्हणजे एक लहान चिमूटभर झालें. तेव्हां खत म्हणून याचा मोठा बडेजाव करण्यासारखा नाहीं. खरी किंमत पाण्याचीच आहे. आठवड्यास ३० लिटर म्हणजे वर्षास सुमारें दीड हजार लिटर पाणी होतें. परसांतील अळू, मिरची, कढीलिंब किंवा तुळशीवृंदावनाजवळचीं फुलझाडें यांस तें उन्हाळ्यांत मोठा आधार देतें. कुंड्यांस घालावयाचें असल्यास कुंडीच्या तळाचें भोंक मोकळें आहे ना हें पाहावें, नाहीं तर टांकींतले क्षार कुंडींत सांठावयाचे. माशांस औषध किंवा मीठ दिलें असेल त्या आठवड्याचें पाणी मात्र झाडांस घालूं नये.

या पाण्याबरोबर किंवा टांकी मोडतांना जिवंत मासे विहिरींत, ओढ्यांत अथवा शेततळ्यांत कधींही सोडूं नयेत. टांकीची काच साफ करतो म्हणून विकला जाणारा परदेशी ‘सकर’ मासा अशाच रीतीनें सुटून भारतांतील कित्येक नद्या-तलावांत पसरला आहे. त्यास खाण्यास मागणी नाहीं, आणि त्याच्या कांटेरी अंगानें मच्छीमारांचीं जाळीं फाटतात. नको झालेले मासे दुसऱ्या हौशी माणसास द्यावे किंवा विक्रेत्याकडे परत करावे.

सारांश

वरील विवेचनाचें तात्पर्य थोडक्यांत असें :

१. उडालेलें पाणी भरणें म्हणजे पाणी बदलणें नव्हे. दर आठवड्यास पाव हिस्सा काढावा, मग भरावें.

२. नवें पाणी आदल्या दिवशीं पिंपांत घेऊन, क्लोरिन घालवून, पंपानें खेळवून व उष्णता जुळवून मगच चढवावें.

३. दुर्लक्षित टांकीचें पाणी एकदम न बदलतां थोडथोडें बदलावें.

४. पंपाची उंची पिंपांतील पातळीपासून मोजावी, आणि धार घड्याळावर तपासावी.

५. नळीचें टोंक पाण्याबाहेर, सांठा टांकीच्या खालीं व पाणी मापाचें असावें.

६. फवारणीचीं भांडीं दूर ठेवावीं. प्लग काढल्यावांचून पाण्यांत हात घालूं नये.

घरांतील एखाद्या शाळकरी मुलाकडे कांचेवरची खूण पाहण्याचें, आठवड्याचें माप वहींत लिहून ठेवण्याचें व उष्णतामापक वाचण्याचें काम सोंपवावें. विजेचें काम वडील माणसानें करावें. वर्षभर अशी वही ठेविली म्हणजे पाण्याबरोबर क्षार येतात, पाणी उडून जातें, क्षार मात्र राहतात आणि निचऱ्यावांचून ते जात नाहींत, ही गोष्ट त्या मुलास स्वतःच्या आंकड्यांवरून कळेल. पुढें तें शेत करूं लागेल तेव्हां उसाच्या फडास पाणी देण्यापूर्वीं चर मोकळे आहेत कीं नाहींत हें तें आधीं पाहील.